मारिओ-कॉन्ट्रा सोडून बोला: विस्मरणात गेलेले जुने व्हिडिओ गेम

खारी_बिस्किट
दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, वय वर्षं ९. तिला लॅपटॉपवर एम्युलेटर (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून मारिओ दाखवला तर म्हणते "मामा हा माहितीये मला, दुसरं काय खेळायचात तुम्ही?" म्हटलं कॉन्ट्रा. तर तोही तिने यूट्यूबवर बघितलेला, ३० लाइफवाला कोडसुद्धा पाठ. मग मी अडकलो. म्हणजे आमच्याकडे ती पिवळी कॅसेट होती '९९९९९९९ इन १' वाली, तिच्यात उन्हाळेच्या उन्हाळे गेले आणि आता नावं आठवतायत फक्त चार. बाकीचे गेम आपण पाच मिनिटं खेळून रिसेट मारायचो ना, त्यातला एखादा खरंच भारी असेल आणि आपण तेव्हा त्याला धड चान्सच दिला नसेल, असं राहून राहून वाटतंय.

तर असे गेम सुचवा. अट एकच, "आमच्या वेळी काय मजा होती" चालणार नाही. आज पहिल्यांदा हातात घेणाऱ्या पोराला अर्धा तास जागेवर बसवेल असा पाहिजे. टीव्ही गेम, डॉस (विंडोजच्या आधीचे कॉम्प्युटर), व्हिडिओ गेम पार्लर, काहीही चालेल. मारिओ, कॉन्ट्रा, मुस्तफा (पार्लरमधला कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स) बाद.

उंटावरचा_शहाणा
प्रिन्स ऑफ पर्शिया!!!

मिरची_भजी
@उंट, प्रिन्स विस्मरणात गेलाय? उद्या म्हणशील वडापाव दुर्लक्षित आहे.

रात्रपाळी
लोड रनर. दुसरा विचारच नको.

नाव नसेल आठवत तर सांगतो, विटांचे मजले, शिड्या, वरून दोऱ्या, आपण सोनं गोळा करायचं आणि मागे ते रोबो लागायचे. आपल्याकडे बंदूक नाही, उडी नाही, काहीच नाही. फक्त डावीकडची किंवा उजवीकडची वीट खोदता येते. आम्ही त्याला 'विटावाला' म्हणायचो आणि दुसऱ्या लेव्हलला कंटाळून सोडून द्यायचो कारण मारामारी नाही. लॉकडाऊनमध्ये परत लावला आणि तीन आठवडे सुटलो नाही.

मेख अशी की स्वतःच्या पायाखालची वीट खोदता येत नाही, फक्त बाजूची. त्यामुळे खाली चार थरांत सोनं पुरलेलं असेल तर वरून सरळ भोक पाडून जमत नाही, जितकं खोल जायचं तितकं वर रुंद खोदत यावं लागतं, विहीर खणताना कडा सोडतात तसं. त्यात खोदलेली वीट थोड्या वेळाने आपोआप भरते, तेव्हा आत असाल तर गेलात. रोबो खड्ड्यात पडला की त्याच्या डोक्यावरून चालत जाता येतं. सोनं त्याने उचललेलं असेल तर ते तो खड्ड्यात पडला की टाकतो. म्हणजे कधी कधी मुद्दाम रोबोला सोन्यापर्यंत जाऊ द्यायचं, आपल्याला जिथे पोचता येत नाही तिथून तो ते आणून देणार. शत्रूकडून हमाली करून घेणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

मूळ गेम डग्लस स्मिथ नावाच्या माणसाने केला, १९८३ साली अ‍ॅपल २ कॉम्प्युटरवर आला, १५० लेव्हल आणि वर स्वतःच्या लेव्हल बनवायची सोय. आपल्या कॅसेटमध्ये जो होता तो जपानच्या हडसन कंपनीने १९८४ ला केलेला, त्यात ५० लेव्हल. मी अजून ३१ वर आहे.

नागपुरी_संत्रं
अबे रात्रपाळी, ते रोबो नीट पाहिले का तू? ते बॉम्बरमॅन आहेत ना बावा! मी बॉम्बरमॅन पूर्ण ५० लेव्हल संपवला होता, मे महिन्यात, ४५ डिग्रीत, कूलरसमोर बसून. शेवटी काय येते माहीत आहे का, की बॉम्बरमॅन माणूस झाला आणि आता लोड रनरमध्ये भेटू. आम्हाला काही समजलंच नव्हतं तेव्हा, लोड रनर म्हणजे काय ते. दोन्ही गेम हडसनचेच, तिकडचा रोबो उचलून इकडे हिरो बनवला त्यांनी.

रात्रपाळी
हे माहीत नव्हतं!! आत्ता बघितलं, खरंच तोच चेहरा आहे. २५ वर्षं मी ज्याच्याबरोबर बॉम्ब टाकले त्यालाच खड्ड्यात पुरत होतो.

मिरची_भजी
हसून हसून पुरेवाट

पुणेरी_पाटी
सर्वांचा अपेक्षाभंग करतो. तीस वर्षांनी हे गेम परत खेळलो आणि दहातले आठ रद्दी निघाले. अ‍ॅडव्हेंचर आयलंड घ्या. त्यात अडचणी मुद्दाम अशा ठेवल्यात की लेव्हल पाठ केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. याला कौशल्य म्हणत नाहीत, घोकंपट्टी म्हणतात, आणि तिचा पुरेसा अनुभव आम्हाला शाळेत होता. शिवाय ते '९९९९९९९ इन १' म्हणजे शुद्ध फसवणूक, वीस-पंचवीस गेम, बाकी तेच गेम दुसऱ्या लेव्हलपासून किंवा जास्त लाइफ देऊन परत यादीत घातलेले. तेव्हा गेम चांगले नव्हते, पर्याय नव्हते.

नागपुरी_संत्रं
@पाटी, आठ रद्दी म्हणजे दोन चांगले निघाले ना? ते दोन सांग न मग. धागा त्याचाच आहे.

पुणेरी_पाटी
दुपारी १ ते ४ विचारू नये.

(सर्कस आणि बॅटल सिटी. बॅटल सिटी म्हणजे तुमचा तो टँकवाला. पण तो सर्वांना माहीत आहे, म्हणून अटीत बसत नाही.)

साबुदाणा_वडा
माझा अनुभव थोडा वेगळा आहे, घरी टीव्ही गेम नव्हता आणि पार्लरमध्ये मुली जायच्याच नाहीत, म्हणजे कोणी अडवलं नसतं कदाचित पण काकाने बघितलं असतं तर घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती. आम्ही सांगलीचे. दहावीनंतरच्या सुट्टीत कॉम्प्युटर क्लास लावला, चपला बाहेर काढून आत जायचं, एसी, पडदे, देवघरच जणू. एका मशीनवर दोघी.

तिथे क्यूबेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचे आणि त्याच फोल्डरमध्ये गोरिला होता. दोन गोरिला इमारतींच्या गच्चीवर उभे, एकमेकांना केळी फेकून मारतात, कोन आणि वेग आपण टाइप करायचा. वारा कुठल्या दिशेला आहे ते खाली बाणाने दिसतं. वर सूर्य हसत असतो, केळं त्याला लागलं की तोंडाचा आ वासतो. हा गेम १९९१ च्या डॉस ५ बरोबर फुकट यायचा, म्हणजे लाखो मशीनवर असणार, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही कारण दुकानातून आणलेला नाही आणि चित्रं साधी.

पण खरी गंमत अशी की तो उघडा प्रोग्रॅम होता, सगळा कोड समोर. सुरुवातीलाच गुरुत्वाकर्षण किती ठेवायचं ते विचारतो, पृथ्वीचं ९.८. मी १.६ टाकून चंद्रावर खेळायचे, केळं गेलं की बराच वेळ परत येतच नाही. मग कोडमध्ये हात घालून स्फोट मोठा केला, एका केळ्यात अर्धं शहर. सर ओरडले, मग त्यांनीच विचारलं कसं केलंस. अकरावीला प्रक्षेप्य गती (फेकलेली वस्तू कशी जाते ते) आली तेव्हा वर्गात मी एकटीच हसत होते. आज मी प्रोग्रॅमिंग करते, त्याला गोरिला कारणीभूत असं नाही म्हणणार, पण पहिली ओळ बदलली ती तिथे.

नवीन पोरांना नक्की द्या. दोघांत खेळायचा, शेजारी बसून.

खारी_बिस्किट
साबुदाणा_वडा, हा पहिला घेतला यादीत. चंद्रावरची आयडिया तर कहर आहे.

कोकणचो_झील
मंडळी एक मदत हवी. लहानपणी मावसभावाकडे कणकवलीला एक गेम खेळलेला, नाव माहीत नाही. पेंग्विन होते एवढं नक्की. आणि कोळी. आणि आम्ही दोघं एकाच रिमोटवर भांडायचो कारण काहीतरी उलटं चालायचं. कोणाला आठवतोय का?

उंटावरचा_शहाणा
पेंग्विन म्हणजे अंटार्क्टिक अ‍ॅडव्हेंचर. बर्फावर पळतो, सील वर येतात, झेंडे गोळा करायचे.

कोकणचो_झील
नाय ओ, तो माहितीये. त्यात कोळी खंय आसा.

एडिसनचा_एकनाथ
अवांतर, पण तो पळणारा पेंग्विन कोनामीचा, १९८३ चा. त्यात प्रत्येक टप्प्याला एकेका देशाचं अंटार्क्टिकावरचं ठाणं येतं, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, अर्जेंटिना, जपान वगैरे. मी वाट बघायचो की आपलं दक्षिण गंगोत्री येईल म्हणून. नाही आलं. आपलं ठाणं झालंच १९८३-८४ च्या सुमाराला, गेम आधीच तयार झाला असणार, पण दहा वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार, मी अपमान समजून घेतला होता.

त्याला लागून असलेलं संगीत म्हणजे वाल्डटॉयफेलचं स्केटर्स वॉल्ट्झ. इकडे न्यू जर्सीत एका आइस रिंकवर ते लागलं तेव्हा मी आपोआप डावीकडे-उजवीकडे झेंडे शोधायला लागलो, बायकोने विचारलं चक्कर येतेय का.

आता माझं उत्तर: स्कायरोड्स, डॉस, १९९३. अंतराळात रंगीत पट्ट्यांचा रस्ता, त्यावर छोटं यान, वेग वाढवायचा, उड्या मारायच्या, खड्ड्यात पडलात की परत सुरुवातीपासून. इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही संपत जातात म्हणून रेंगाळताही येत नाही. प्रत्येक रस्ता एखाद-दीड मिनिटाचा. आज फोनवर जे पळापळीचे गेम आहेत त्यांचा आजोबा म्हणा, फक्त जाहिराती नाहीत. आणि हा कोणी केला माहितीये का? एस्टोनियातल्या ब्लूमून नावाच्या पोरांच्या टोळीने, त्याच मंडळींनी पुढे काझा (गाणी-फाइली शेअर करायचं सॉफ्टवेअर) आणि मग स्काइप बनवलं. मी आईशी ज्या स्काइपवरून वर्षानुवर्षं बोललो ते या गेमवाल्यांचं होतं हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. गेम आता अधिकृतपणे फुकट आहे, त्यामुळे चोरीचा प्रश्न नाही.

साबुदाणा_वडा
असंच एक माझ्याकडून. पॅराट्रूपर आठवतो का, खाली तोफ, वरून हेलिकॉप्टर, छत्रीवाले सैनिक उतरतात, एका बाजूला चार उतरले की एकमेकांच्या खांद्यावर चढून तोफ उडवतात? १९८२ चा. तो लिहिणारा ग्रेग कुपरबर्ग तेव्हा पोरगाच होता, पुढे कॅलिफोर्नियात गणिताचा प्राध्यापक झाला.

मिरची_भजी
आणि आपण तो खेळून काय झालो? इथे प्रतिसाद देतोय.

पुणेरी_पाटी
पॅराट्रूपर आजच्या मशीनवर लावून दाखवा. सैनिक उतरताना दिसणारही नाहीत.

एडिसनचा_एकनाथ
बरोबर, पण त्याला उपाय आहे. त्या काळचे बरेच गेम मशीनच्या वेगावरच चालायचे, वेळ मोजायचेच नाहीत. म्हणून तर जुन्या ३८६-४८६ कॉम्प्युटरच्या डब्यावर ते टर्बो बटण असायचं, नाव टर्बो पण उपयोग मशीन हळू करायला. डॉसबॉक्समध्ये (डॉसचे गेम आज चालवणारं सॉफ्टवेअर) कंट्रोल धरून एफ११ दाबलं की हळू होतं, एफ१२ ने जोरात. तीन-चार वेळा दाबून बघा, सैनिक नीट छत्री उघडून उतरतील.

डिगरलाही (बोगदे खोदायचा तो गेम) तेच करावं लागतं. जाता जाता, डिगरची ती धून, जी डोक्यातून जात नाही, तिचं नाव 'पॉपकॉर्न', १९६९ ची आहे. आणि मेलो की वाजायचं ते शोपँचं अंत्ययात्रेचं संगीत. स्पीकर टुंगटुंग करणारा, पण निवड बघा.

टीव्ही_मेकॅनिक
आमचं चिपळूणला टीव्ही रिपेअरिंगचं दुकान, आधी बाबांचं, आता मी बघतो, तर दोन गोष्टी सांगतो. "गेम लावल्याने पिक्चर ट्यूब जाते" हे प्रत्येक घरात सांगितलं जायचं. आमच्या दुकानात गेममुळे ट्यूब गेलेला एकही टीव्ही आला नाही. अँटेनाचं सॉकेट हलून हलून सैल झालेले मात्र पोत्याने आले, सुट्टी लागली की आमचा सीझन. बाबा आयांना ट्यूबचं खरं कधी सांगायचे नाहीत. म्हणायचे त्यांच्या घरातली शांतता आपण का घालवायची.

दुसरं, बंदुकीचा गेम, बदकं मारायचा. लोक विचारतात की जुनी बंदूक नव्या एलईडी टीव्हीवर का चालत नाही. त्या बंदुकीतून काही बाहेर जात नाही, तिच्यात उजेड ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की क्षणभर अख्खी स्क्रीन काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीला आधी काळोख मग उजेड दिसला तर नेम लागला. काळी का करतात, तर पोरं बल्बकडे नेम धरून फसवतील म्हणून! दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक. आता हा सगळा हिशोब जुन्या ट्यूबच्या वेळेवर बसवलेला, नवीन टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर करतो, तेवढ्यात बंदूक म्हणते हुकलं.

आणि धाग्याच्या प्रश्नाला उत्तर, हाच गेम, पण दुसरा रिमोट लावून. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येतं. एकाने मारायचं, दुसऱ्याने वाचवायचं.

उंटावरचा_शहाणा
क्काय??? दुसऱ्या रिमोटने बदक हलतं??? माझं अख्खं बालपण मी नेम हुकला की हसणाऱ्या त्या गेममधल्या कुत्र्याला सहन केलं आणि धाकटा भाऊ शेजारी नुसता बसलेला असायचा.

टीव्ही_मेकॅनिक
कदाचित नुसता बसलेला नसेल.

नागपुरी_संत्रं
😂😂 खतम

गोंयकार_मास्तर
उशिरा आलो. रोड फायटरचं कोणी नाव काढलं नाही अजून? लाल गाडी, सरळ रस्ता, दोनच बटणं, एकाने साधा वेग, एकाने सुसाट. दिसायला काही नाही म्हणून मागे पडला. पण तो गाडीचा गेम नाहीच, पेट्रोलचा हिशोब आहे. धडकलात तर गाडी फुटते आणि पेट्रोल जातं, हळू चालवलं तरी संपतं, म्हणून सतत जोखीम घेत राहायचं. गाडी तिरकी सरकायला लागली की उलट दिशेला हलका झटका देऊन सावरता येते, ते जमलं की हात सुटत नाही. म्हापशाला आमच्या वाड्यावर यावर पैजा लागायच्या.

आणि मध्येच बाजूने जो 'सुपरमॅन' उडत जायचा तो सुपरमॅन नव्हेच, कंपनीचा स्वतःचा कोनामी मॅन तो. न धडकता बराच वेळ गेलात तर येतो, पॉइंट देऊन जातो.

पुणेरी_पाटी
रोड फायटर मान्य. दोनाचे तीन करतो.

मिरची_भजी
पाटी बदलली! स्क्रीनशॉट काढा कोणीतरी.

गोंयकार_मास्तर
@झील, तुझ्या गेमचं नाव बायनरी लँड. दोन पेंग्विन, एक डावीकडे एक उजवीकडे, मध्ये भिंत. तू उजवं बटण दाबलं की एक उजवीकडे जातो आणि दुसरा डावीकडे, आरशातल्यासारखा. दोघांनी एकाच वेळी वरच्या हृदयापाशी पोचायचं, तर लेव्हल सुटते. कोळ्याच्या जाळ्यात एक अडकला तर दुसऱ्याने येऊन सोडवायचं, दोघं अडकले की गेलं. १९८५ चा, हाही हडसनचाच.

कोकणचो_झील
ह्योच तो!!! आरे देवा. आत्ता व्हिडिओ बघितला, सुरुवातीचा आवाज ऐकल्यावर मावशीच्या पडवीतला वास आला. मास्तर, तुमका एक सोलकढी आपली.

आणि भांडणाचं कारण पण कळलं. मावसभाऊ म्हणायचा डावा माझा उजवा तुझा, पण रिमोट एकच, त्यामुळे त्याचा नीट चालला की माझा भिंतीवर डोकं आपटत बसायचा.

रात्रपाळी
भिंतीवर आपटणं हीच तर चावी आहे त्या गेमची. दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या नाहीत, म्हणून एकाला मुद्दाम भिंतीला टेकवून जागेवर धरायचं आणि दुसऱ्याला तेवढा पुढे काढायचा. आजच्या कुठल्याही कोड्याच्या गेमपुढे उभा राहील.

साबुदाणा_वडा
सगळं जपानी-अमेरिकन चाललंय, आपल्याकडचं काहीच नाही का त्या काळातलं? असो, वेगळा धागा.

खारी_बिस्किट
मंडळी, रिपोर्ट द्यायला आलोय. भाची या शनिवार-रविवारी परत आली होती, चार गेम लावले.

स्कायरोड्स: दहा मिनिटं. म्हणाली असं फोनवर आहे. एकनाथराव, माफ करा, नातवंडांनी आजोबांना ओळखलं नाही.

रोड फायटर: पंधरा मिनिटं, मग मीच दीड तास.

गोरिला: जेवायला उठेना. साबुदाणा_वडा, तिने गुरुत्वाकर्षण जवळजवळ शून्य टाकून बघितलं, मग मला विचारलं की केळं आता कुठे गेलं. मी म्हटलं गेलं ते गेलं. तिला पटलेलं नाही.

आणि बायनरी लँड. पहिल्या पाच मिनिटांत "मामा हा बिघडलाय, उलटा चालतोय". मग समजलं. मग तिने एक युक्ती काढली जी माझ्या डोक्यातही आली नव्हती, एका पेंग्विनवर बोट ठेवून झाकायचं आणि फक्त दुसऱ्याकडे बघून चालवायचं, अडकला की बोट काढायचं. ११ व्या लेव्हलपर्यंत गेली. लोड रनर राहिला, तो पुढच्या वेळी, रात्रपाळीच्या ३१ च्या पुढे ती जाईल असं मला वाटतंय.

रात्रपाळी
मी आज रात्रीच बसतो.

पुणेरी_पाटी
११ व्या लेव्हलला उजवीकडच्या खालच्या कोळ्याला आधी मारायला सांगा तिला. (मी फक्त तपासायला लावला होता.)

कोकणचो_झील
आता एक शेवटचा, मग गप बसतो. एक गेम होता, माकड, आणि बहुतेक नारळ, आणि मागे रेल्वे जायची. कोणाक आठवता?